बलुत्यांतला सुतार आणि लांकडाची भेग

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यानें यवत मागें टाकलें व चौफुला ओलांडला, कीं वरवंड लागतें. आज हें गांव दौंड तालुक्यांत मोडतें. पूर्वी हा मुलूख भीमथडी म्हणून ओळखला जाई. भीमथडीचें नांव निघालें म्हणजे इतिहासप्रेमी मंडळींना तेथील तट्टांची आठवण होते. त्या मुलखांतील गाड्यांची व नांगरांची आठवण कोणी काढीत नाहीं. मग तीं दुरुस्त करणाऱ्या सुताराची कोण काढणार? प्रस्तुत लेखाचा विषय हा सुतार, आणि त्यांतही लांकडाला पडलेली भेग तो कशी सांधीत असे, एवढाच आहे.

हा प्रदेश पर्जन्यछायेंतला. वैशाखांत हवा इतकी कोरडी होते कीं दाराच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसूं लागतो. श्रावणांत तींच दारें फुगून चौकटींत अडतात. लांकडांतील पाण्याचा अंश सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला म्हणजे तें आटूं लागतें. परंतु सर्व दिशांनीं सारखें आटत नाहीं. वार्षिक वलयांच्या कडेकडेनें जितकें आटतें, त्याच्या साधारण निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे आटतें. ह्या विषमतेमुळें अखंड खांब गाभ्यापासून बाहेरपर्यंत उभा तडकतो. सागवान कमी आटतें. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील लांकडी फांसळ्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत, त्याचें श्रेय सागाला जितकें, तितकेंच ऊन-पाऊस बाहेर ठेवणाऱ्या लेण्यालाही दिलें पाहिजे. पण साग हें वाड्यांचें व लेण्यांचें लांकूड. भीमथडीच्या कुणब्याच्या वांट्याला यावयाची ती बाभूळ. चिवट खरी, परंतु वाळवितांना घाई केली तर तडकणारी.

गांवगाड्यांत सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळींत बसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ ह्या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन केलें आहे व तिच्यावर कठोर टीकाही केली आहे. मीही तिचा भाट नाहीं. जन्मानें धंदा ठरविणाऱ्या व्यवस्थेचे गोडवे काय म्हणून गावे? तथापि तिच्यांतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लांकूड कुणब्याचें, हात सुताराचे आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपानें. कामागणिक पैसे नसल्यामुळें वरवर केलेली दुरुस्ती सुताराच्याच अंगावर येई, आणि तीही ऐन पेरणीच्या तोंडीं, सारा गांव त्याच्या दारांत उभा असतांना. भेग पुन्हां उघडूं नये ह्यांत त्याचा स्वतःचा स्वार्थ होता.

म्हणून सगळ्या भेगांना तो एकच औषध लावीत नसे. गाडीचें चाक उन्हाळ्यांत खिळखिळें झालें, तर पहिला उपाय पाण्याचा; चाक ओढ्यांत बुडवून ठेवलें कीं लांकूड फुगून सांधे आवळत. त्यानेंही भागलें नाहीं, म्हणजे लोहाराकडे जावें लागे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरांत लाल करून चाकावर चढवीत व वर पाणी ओतीत. ती निवतांना आकसे आणि सबंध चाक करकचून धरी. तुंब्याला तडा गेला असेल तर त्यालाही असेंच कडें. तुळईच्या टोंकाजवळ आडवी भेग दिसली, तर ती धोक्याची. तिला लोखंडी बंद हवा. उभ्या खांबाची उभी भेग मात्र बहुधा निरुपद्रवी असते, कारण भार तंतूंच्या दिशेनेंच खालीं उतरतो.

पुण्याहून ह्या भागांतून लोहमार्ग गेला तो १८५८ सालीं. पुढें कालव्याचें पाणी आलें, रोकड आली, आणि हळूहळू सुतारही रोख मजुरीवर काम करूं लागला. ह्यांत त्याचें भलेंच झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण रोख मजुरीच्या दुरुस्तीला मालकाच्या डोळ्यांत भरावें लागतें, आणि भरलेल्या भेगेवर तेलरंगाचा हात फिरला म्हणजे मालकाचे डोळे निवतात.

ह्याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. वरवंडच्या आमच्या घरीं सोप्यांत बाभळीचा एक खांब आहे. त्याची भेग मला खुपे. एका वैशाखांत मीं ती लांबीनें गच्च भरून घ्यावयास सांगितली. म्हातारे सुतार म्हणाले, “पाऊस होऊं द्या, मास्तर, मग बघूं.” मीं ऐकलें नाहीं. विद्येचा ताठा, दुसरें काय! श्रावणांत खांब फुगला. कडक झालेली लांबी दबेना, तेव्हां कडेचे तंतूच चेपले आणि उरलेली लांबी वरंब्यासारखी बाहेर आली. पुढच्या वैशाखांत भेग पूर्वीहून रुंद.

तेव्हां मीं मुकाट्यानें कार्तिकापर्यंत थांबलों. सुतारांनीं पटाशीनें लांबी कोरून काढली, बाभळीचीच एक पातळ चीप रंध्यानें उतरविली, तिचे तंतू खांबाच्या तंतूंशीं जुळविले आणि सरस फक्त एका कडेला लावला. दुसरी कड त्यांनीं मोकळी ठेवली. ती कां, हें मीं ह्या वेळीं विचारलें नाहीं. आतां वैशाखांत तेथें नख शिरतें. भाद्रपदांत शिरत नाहीं.