सुकडीचे लाडू

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९७३ आहे. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती; गुरुजींच्या सोयीची तारीख. घरातली नोंद निराळी. आजीच्या हिशेबानं मी 'मिलोच्या सालची'. वैशाखातली, एवढं नक्की. तिथीवरून मात्र आजी आणि थोरल्या आत्याचं शेवटपर्यंत जमलं नाही. आत्या म्हणायची, आखितीच्या आधी. आजी म्हणायची, "आखितीला करा-केळी भरायला पानी न्हवतं, ते मला ध्यानात हाय. ही त्याच्या बादची."

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, जामखेडच्या अलीकडे. तिकडे बहात्तरचा दुष्काळ सालानं नव्हे, धान्यानं ओळखतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि निवली की वातड व्हायची. अमेरिकेत ती जनावरांना घालतात, असं कुणीतरी पेपर वाचणाऱ्यानं पारावर सांगितलं. आजीचं उत्तर ठरलेलं होतं, "मग आपून तरी कोन व्हतो तवा?"

दोन वर्षं आधीच पाऊस धड नव्हता. बहात्तरला त्यानं पाठच फिरवली. सरकारनं कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि जिकडेतिकडे खडी फोडणं. पुढे वाचनात आलं की १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. तासगावकडच्या वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी त्या दिवसांत राज्यभर रुजली. तिचा कायदा १९७७ ला झाला, आणि कित्येक वर्षांनी सगळ्या देशानं ती कल्पना उचलली. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मुकादमाची हजेरी ठाऊक होती, आणि हातोडीच्या खाली बोट सापडू नये म्हणून खडीभोवती धरायची रबराची चकती. कुठल्यातरी टायरमधून कापलेली ती चकती आमच्या माळवदाच्या खोलीत खुंटीला होती. लहानपणी आम्ही ती गाड्यासारखी फिरवायचो.

त्या खडीवर आई नववा लागेपर्यंत जात होती. पहिलं बाळंतपण, माझ्या भावाचं, माहेरी झालेलं. दुसरं सासरी, अशी रीत. आणि त्या साली माहेरी तरी काय होतं? कामावर सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गोडसर, खमंग. ती खाल्लेली माणसं आज सत्तरीत आहेत, पण नाव काढलं की अजून चेहरा उजळतो. आईचा मात्र उजळत नाही. तिला सुकडीची चव कशी होती विचारलं, तर म्हणते, "चांगली असंल. दादा आवडीनं खायचा." आपल्या वाटणीची ती पदरात बांधून घरी आणायची. दादा तेव्हा तीन वर्षांचा होता.

आता थोडं आजीविषयी. तिच्या घोट्यावर सुपारीएवढा वण होता. नारू. बारवेत उतरून पाणी भरायचं, ते पाणी प्यायचं आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. दुष्काळानं बारवा आटवल्या आणि ठिकठिकाणी हापसे आले. पुढे पायऱ्यांच्या विहिरीही बंद झाल्या आणि नारू गेला. २००० साली देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आजी ते ऐकायला नव्हती. असती तर म्हणाली असती, "मपला तर कवाच निघाला."

हापशावरून आठवलं. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे काम करत होते. दवाखाना काढायला आले, तर लोकांनी आधी पाणी मागितलं, खायला मागितलं. त्यांनी कूपनलिका घ्यायला लावल्या, त्याही दलित वस्तीत, म्हणजे सगळ्या गावाला तिथं यावं लागेल. आजीनं हे बाजारात ऐकलेलं. ती स्वतः तिथं असती तर गेली असती का, हे तिनं कधी सांगितलं नाही. पण एकदा भाकरी थापता थापता बोलून गेली, "तहानलेल्या मानसाला इटाळ सुचत न्हाई, पोरी. पानी मिळालं की मग सुचतो."

आरोळ्यांनी गावागावांतल्या बायाच आरोग्याच्या कामाला तयार केल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. गरोदर बाईनं काय खावं, नाळ कशानं कापावी, हे त्या शेजारणीला सांगावं तसं सांगायच्या. आमच्या गावापर्यंत ते वारं माझ्यानंतर पोचलं. माझ्या वेळी सुईण आली ती कमरेला विळा खोचून. विळा चुलीत तापवला होता, असं आजी छातीठोक सांगायची. त्याआधी आजीचं स्वतःचं एक लेकरू बाराव्याच्या आत आकडी येऊन गेलं होतं. आज आपण त्याला धनुर्वात म्हणतो. तेव्हा विळा तापवलाच असेल, असं मी धरून चालते.

माझ्या वजनाची गोष्ट घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. आजीची अशी की मला टोपल्यात घालून वाण्याच्या काट्यावर ठेवलं, तर दोन किलोचं वजन वर उचललंच नाही. आत्या म्हणते, "काटा-बिटा काही नाही. आई दोन हातांवर तोलायची आणि सांगायची." खरं काय कोण जाणे. मी बारीक होते, यावर सगळ्यांचं एकमत.

बाळंतिणीसाठी कोळसे नव्हते, गोवऱ्या नव्हत्या, जनावरं छावणीला. पऱ्हाट्या पेटवून बाजेखाली शेक दिला. ओवा-बाळंतशेपाची धुरी देताना खोलीत इतका धूर कोंडला की आई अजूनही खोकला आला की म्हणते, "तवाचा हाय हा." लाडू करायचे तर खोबरं नाही, खारीक नाही, तुपाचा थेंब नाही. डिंक मात्र होता. आजीचं म्हणणं, तहानलेली बाभूळ जास्त डिंक सोडते. बांधावरच्या बाभळीचा डिंक वेचून तिनं वाळूत फुलवला, चाळला, कुटला, सुकडीत मिसळला आणि गुळाच्या पाण्यात वळला. नऊ लाडू झाले. हा आकडा आजी कधी चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला? कुणालाच नाही. जन्मतः वजन किती होतं, हेही त्यांनी विचारलं तेव्हा मला हसू आलं. मी वाण्याचा काटा सांगितला. ते हसले नाहीत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम त्यांनी मला समजावलं. १९९३ पासून त्यांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची माहिती टिपली. बाळं सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आमची बाळं हाडामांसानं रोड, पण अंगात चरबी धरून ठेवणारी. आणि अशांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. ज्या आया पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं भरलेली. ज्या जास्त राबत, त्यांची लहान. हॉलंडातही १९४४-४५ च्या उपासमारीत पोटात असलेल्यांमध्ये उतारवयात साखरेची तक्रार जास्त दिसली. माझी साखर त्याच खडीवरून आली, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. एकट्या माणसाचं तसं सांगता येत नाही. मी मात्र घरी येऊन आईच्या हातांकडे बघत बसले.

सगळं दुष्काळावर ढकलणंही खरं नव्हे. चांगल्या सालीही आजी गरोदर सुनेला पोटभर वाढत नसे. "पोटातलं मोठं झालं की सुटका जड जाती." सुईण लांब, रस्ता नाही, दवाखाना नाही, भीती खोटी नव्हती, उपाय चुकीचा होता. आणि भाजी निवडून, भाकरी थापून, सगळ्यांचं झाल्यावर जी जेवायला बसे, तिच्या वाटणीला पातेल्याची कड यायची, पाऊस पडो न पडो. आज महाराष्ट्रात बाळंतपणात दगावणाऱ्या बाया पुष्कळ कमी झाल्या. २०१८-२० ची सरकारी नोंद लाख जन्मांमागे ३३ सांगते. पण २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमीच. आमच्याकडून दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्यांत दिवस गेलेल्या पोरी अजून असतात. मिलो गेली, पातेल्याची कड राहिली.

आजी जायच्या आदल्या पावसाळ्यात मी तिचे पाय चेपत होते. उगाच विचारलं, "आजी, त्या नऊ लाडवांतले आईनं किती खाल्ले गं?" ती बराच वेळ बोलली नाही. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चार. बाकीचे पोरांनी मागितले. तुज्या बापानं बी एक घेतला." जरा थांबून, "मी न्हाई खाल्ला."

गेल्या वर्षी माझी लेक बाळंत झाली. आई आता पंच्याहत्तरीला आली आहे. तुपातला डिंक, खारीक, अळीव, खसखस, सगळं घालून लाडू मीच वळले. चव बघायची सोय मला नाही. जावई, दादा, दादाची नातवंडं, घर भरलेलं. लाडवांचा डबा आईनं मांडीवर घेतला आणि लेकीच्या खोलीच्या दारात बसली. दादानं हात पुढे केला, तशी त्याच्याकडे न बघता तिनं झाकण दाबून धरलं.

"मोजलेत मी," ती म्हणाली.