लालबागेची वाट : काळी माती, खडी आणि डांबर

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक मूळ शहरात नाही. ते शहराच्या उत्तरेस लालबागेत आहे. मोगलांच्या एका बागेचे नाव या वस्तीला लाभले. बागेचे वैभव ओसरले, नाव मात्र राहिले. येथे येणाऱ्या जिज्ञासू प्रवाशाला प्रथम कुंडी भंडारा दाखवितात. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या अमदानीत, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ही योजना. आम्ही ती पाहिली आणि आश्चर्य पावलो. परंतु आज आम्हांस त्या पाण्याविषयी नव्हे, तर त्याच्या वर पसरलेल्या मातीविषयी, आणि त्या मातीवरून मोटारसायकल हाकणाऱ्या तरुणांविषयी लिहावयाचे आहे.

ही माती म्हणजे तापीकाठची काळी, कापसाची जमीन. वैशाखात तिला हातभर भेगा पडतात, आषाढात ती फुगते आणि लोण्यासारखी पायाखालून निसटते. सुरतेहून आग्र्यास जाणारा एक प्रमुख मार्ग बुऱ्हाणपुरावरून जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे आला, तो याच वाटेने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये हाही १६४१ मध्ये येथून गेला. रो हिवाळ्याच्या तोंडी आला यात नवल नाही. तांडे आणि काफिले पावसाळा सरल्यावरच हलत, कारण भर पावसात या जमिनीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतावयाचे. म्हणजे त्या काळी वाट कधी धरावी हे माणूस नव्हे, माती ठरवीत असे. वाटसरूही तिचा हुकूम मानीत.

पुढे खडीचे रस्ते आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या मॅकॅडमने सांगितले की, रस्त्याचा भार अखेर खालची जमीनच उचलते. म्हणून ती कोरडी ठेवा आणि वर लहान, टोकदार खडी दाबून बसवा. खडीवरून लोखंडी धावेची चाके फिरली की दगडाची भुकटी होई व तीच भुकटी फटींत बसून रस्ता घट्ट धरी. गाडीचे चाक रस्ता झिजवी आणि सांधीही. मग १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर प्रचारात आणला. त्याआधी तीनच वर्षे जर्मनीत डाइमलर व मायबाख यांनी लाकडी सांगाड्याला एंजिन जोडून पहिली मोटारसायकल चालविली होती. तिची चाके लोखंडी धावेचीच होती. रबरी चाके वेगाने धावू लागताच त्यांनी खडीतील भुकटी शोषून धूळ उडविली आणि खडी मोकळी पडली. या धुळीवर उपाय म्हणून डांबर आले. १९०२ मध्ये एडगर हूली याने डांबरमिश्रित खडीचे एकस्व घेतले. सारांश, डांबरी रस्ता हा रबरी चाकाचाच सोबती आहे. खडीशी त्याचे जमले नाही, मातीशी तर नाहीच.

हिंदुस्थानात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार एका मराठी कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली झाला, हे आमच्या व्यवसायबंधूंनाही ठाऊक नसते. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांवरच खर्चावा, ही त्या समितीची शिफारस. तीतून १९२९ मध्ये रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्थाही निघाली. रस्ता वापरणाऱ्याकडून रस्त्यासाठी पैसा घ्यावयाचा, तर त्याला धड रस्ता मिळालाच पाहिजे, हा विचार त्या व्यवस्थेच्या पोटातच होता. त्याचे पुढे काय झाले, ते खाली येईलच.

लालबागेहून इच्छापूर वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. टेकडीवरील इच्छादेवीचे मंदिर एका मराठा सुभेदाराने नवस फेडण्यासाठी बांधले, असे सांगतात. नवरात्रात या वाटेवर तरुणांच्या मोटारसायकली रांगेने दिसतात. पुष्कळांना हात बसून महिनाही झालेला नसतो. या एवढ्याशा प्रवासात त्यांना किती प्रकारच्या भूमीशी गाठ घालावी लागते! कोठे गुळगुळीत डांबर, कोठे सिमेंट, कोठे साइडपट्टीवर पसरलेला मुरूम, आणि शेताकडील गाड्यांच्या चाकांना लागून आलेला काळा चिखल. केळीच्या हंगामात रस्त्यावर सांडलेली पाने व साली, त्यांची गोष्टच वेगळी. गोमंतकीय वाचकांना हे नवे नाही; तेथील जांभ्या मातीच्या वाटा व पावसात शेवाळलेल्या उतरणी काळ्या-पिवळ्या मोटारसायकलींच्या पायलटांनी वर्षानुवर्षे पचविल्या आहेत. पायलटाच्या मागे बसून पाहावे: उतरणीवर तो एंजिनाच्या बळावर गाडी आवरतो, वळणावर ब्रेकला हात लावीत नाही.

यातील मर्म असे. टायर जमिनीस जेथे टेकतो, ती जागा तळहाताएवढी. तेवढ्याच जागेच्या पकडीतून वळणे व थांबणे ही दोन्ही कामे व्हावयाची. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी उरते. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. कोरड्या डांबरावर थांबण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, कारण भार पुढच्या चाकावर येतो. तो एकदम नव्हे, चढत्या दाबाने दाबावयाचा. पण खडीवर वा चिखलात तोच आवळला तर पुढचे चाक निसटते, आणि निसटलेले पुढचे चाक सावरणे निष्णातालाही कठीण. तेथे गियर आधीच खाली आणावा, मूठ स्थिर ठेवावी, हँडल घट्ट आवळू नये, नजर दूर ठेवावी. पहिल्या पावसाच्या सरीत रस्त्यावरचे तेल व धूळ मिळून जो लेप होतो, तो पुढच्या मुसळधारेपेक्षा अधिक घातक. रेल्वेचे रूळ ओले असता ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते, हे तर गणितच आहे. त्यात मुरवत नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. घसरून मेलेल्या तरुणांचे पंचनामे आमच्या हातांखालून गेले आहेत. त्यांत 'वाहन भरधाव असल्याने घसरले' हे वाक्य बहुधा असते. मुरूम किती पसरला होता, खड्डा किती खोल होता, रस्त्याच्या कामाचा फलक होता की नाही, यांविषयी एक अक्षरही नसते. मग नुकसानभरपाईच्या दाव्यात दोष मृताच्या माथी येतो. त्याचा बाप समोर बसलेला असतो. २०१३ ते २०१७ या ५ वर्षांत खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे दगावल्याचा आकडा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ घातले गेले: रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल यांची मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार अधिकारी वा कंत्राटदार यांस १ लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम आम्हांस तोकडी वाटते; पण दोष रस्त्याचाही असू शकतो, हे कायद्याने मान्य केले. ते सिद्ध करावयाचे तर पंचनाम्यातच रस्त्याचे मोजमाप हवे. दिवस उलटला की मुरूम वाहून जातो, खड्डा बुजविला जातो आणि पुरावा नष्ट होतो. नातलगांनी त्याच दिवशी टेप लावून छायाचित्रे घेतली, तर वकिलाचे निम्मे काम होते.

दसऱ्याला नव्या गाडीची पूजा होते. चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडण्याची चाल आमच्या घरीही आहे, आणि ती मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हौशी मंडळी त्या वेळी टायर चमकावे म्हणून त्यांस तेल चोपडतात. नवा टायर मुळातच निसरडा असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर त्याला हलकेच चालवून त्याचा वरचा थर जाऊ द्यावा लागतो. त्यावर आणखी तेल! गेल्या नवरात्रात इच्छापूरच्या पायथ्याशी अशी एक गाडी आम्ही पाहिली. झेंडूच्या माळा, हँडलला लाल चुनडी, आणि पुढचे चाक तेलाने तकतकीत. मालक अठरा-एकोणीस वर्षांचा असावा. आम्ही खिशातील रुमाल काढून त्याला दिला. तो प्रथम हसला, मग वाकून चाक पुसू लागला.