'टोळी' या शब्दात न मावणारी माणसे

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही बाबासाहेबांचा 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ वाचत होतो. स्थिर वस्ती केलेल्या टोळ्या, भटक्या टोळ्या आणि लढायांत पराभूत होऊन फुटलेली, विखुरलेली माणसे असा तो विचार. ही माणसे गावाच्या रक्ताची नव्हती म्हणून त्यांची वस्ती गावाबाहेर झाली, हे बाबासाहेब सांगतात आणि पडताळ्यासाठी आयर्लंडमधील 'फुइधिर' व वेल्समधील 'अल्ट्यूड' यांची उदाहरणे देतात. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, टोळीत तर सगळे सारखेच असतात ना? मग टोळीच्या दाराशी हा हलका माणूस आला कुठून?" मी त्याला काहीतरी उत्तर दिले. पण ते मला स्वतःलाच पटले नाही.

घोळ शब्दात होता. इंग्रजीत 'ट्राइब' आणि 'चीफडम' हे दोन वेगळे शब्द आहेत. मी मात्र दोहोंना 'टोळी' म्हणत आलो होतो. कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५५ साली दक्षिण व मध्य अमेरिकेतील समाजांची वर्गवारी करताना 'चीफडम' हा एक स्वतंत्र प्रकार मानला. १९६२ मध्ये एल्मन सर्व्हिस यांनी त्याला भटका गट, टोळी, चीफडम आणि राज्य अशा चढत्या मांडणीत बसवले. टोळीतला म्होरक्या सांगू शकतो, पण हुकूम सोडू शकत नाही. चीफडममध्ये अनेक गावे एकाच कायम नायकाखाली येतात. नायकपद वंशाने चालते. त्या वंशाशी कोणाचे नाते किती जवळचे, यावर प्रत्येकाची पायरी ठरते. म्हणजे नात्याची भाषा तीच राहते, पण नाते आता बरोबरीचे नसते. ते उतरंडीचे असते.

'सरदारकी' हा आपला शब्दही येथे चालत नाही. सरदारकी वरचा राजा देतो. येथे वर राजाच नसतो. मी यापुढे 'नायकसत्ता' म्हणतो.

नायकसत्तेचा समर्थक युक्तिवाद असा : नायक सर्वांकडून धान्य-मासळी गोळा करतो आणि ज्याला जे कमी त्याला ते देतो, म्हणून तो सर्वांना हवा असतो. सर्व्हिस यांची मांडणी साधारण याच वळणाची होती. हे ऐकताना मला बलुतेदारीची स्तुती आठवते. तीही गावाच्या परस्पर गरजांचेच गोडवे गाते. टिमथी अर्ल यांनी हवाई बेटांपैकी कवाई बेटावरील हालेलेआ भागाचा अभ्यास करून १९७७-७८ मध्ये दाखवले की तिथले स्थानिक विभाग आपापल्या गरजा बहुतांशी स्वतःच भागवीत. वर गेलेली वसुली मुख्यतः नायकांच्या आणि त्यांच्या परिवाराच्या पदरी पडे. वाटप होते, पण ते वरच्या वर होते.

हवाईचे उदाहरण आपण नीट पाहिले पाहिजे. तिथे नायक म्हणजे 'अलिई', जमीन कसणारे ते 'माका-आइनाना', आणि अलिईच्या वतीने जमीन व पाणी पाहणारा कारभारी तो 'कोनोहिकी'. हे सारे 'कापू' नावाच्या निर्बंधांनी बांधलेले होते. स्त्रियांनी पुरुषांसोबत जेवायचे नाही. डुकराचे मांस, केळी, नारळ खायचे नाहीत. अत्युच्च दर्जाच्या अलिईच्या घरावर सामान्य माणसाची सावली पडली तर त्याला मरण होते. हे लिहून ठेवले आहे डेव्हिड मालो या हवाईच्याच माणसाने. आणि या सर्वांच्या खाली होते 'काउवा'. त्यांची जमीन वेगळी, कपाळावर गोंदलेली खूण, त्यांच्याशी विवाहसंबंध निषिद्ध. देवळात नरबळी लागे तेव्हा तो त्यांच्यातून उचलला जाई.

सावली, वेगळी वस्ती, अंगावरची खूण! पेशवाईतील पुण्याची आठवण ज्याला होणार नाही तो आपला वाचक नव्हे. पण मी घाई करणार नाही. काउवांची संख्या थोडी होती. तिथे चातुर्वर्ण्याचे शास्त्र नव्हते की हजारो जातींची शिडी नव्हती. त्याला जातिव्यवस्था म्हणणे चूक ठरेल. मला एवढेच म्हणायचे आहे की, नायकसत्तेच्या व्याख्येत नायक आहे, वंश आहे, वसुली आहे, वाटप आहे. काउवा मात्र नाही. व्याख्या करणाऱ्याने समाजाकडे नायकाच्या अंगणातून पाहिले. हवाई ही नायकसत्ता होती की राज्य, हा वाद पुढेही चालला. पॅट्रिक कर्च यांनी २०१० मध्ये ते राज्यच झाले होते असे मांडले. शब्द बदलल्याने कपाळावरचे गोंदण पुसले जात नाही.

१८१९ मध्ये पहिला कामेहामेहा वारल्यावर त्याचा मुलगा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीत जाऊन जेवला. काअहुमानू या राजविधवेचा त्यामागे आग्रह होता. त्या एका जेवणाने कापू मोडला, देवळे पाडली गेली, नरबळी थांबले. मिशनरी १८२० मध्ये आले; म्हणजे हे काम हवाईच्या माणसांनी त्यांच्या आधीच केले होते. पण जमीन? १८४८ च्या 'माहेले' या वाटणीत ती राजा आणि अलिई यांच्यातच विभागली गेली. १८५० च्या कायद्यानंतरही कसणाऱ्यांच्या हाती एक टक्क्याहून कमी जमीन आली. सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपले लोक १९५९ आणि १९६४ मध्ये जमिनीसाठी तुरुंगात गेले, ते यासाठीच.

त्या विद्यार्थ्याला मी आता सांगेन : टोळीत सगळे सारखे असतात की नाही, हे 'टोळी' या शब्दावरून कळत नाही. समाजाला कोणतेही नाव दे. आधी विचार, वसुली कोणाच्या घरी जाते, जमीन कोणाची आहे, आणि कोणाची सावली कोणाला चालत नाही. पुस्तकातील व्याख्या यानंतर वाचाव्यात.