ओढ्याची जुनी वाट

बीदरच्या मातीत वाढलेल्यांना पाण्याची वाट म्हटली की नौबादचा कारेज आठवतो. बहामनी काळात जांभा खडक पोखरून भूगर्भातून पाणी खेळविणारी ती योजना होय. तिच्या विहिरी काळाच्या ओघात गाळाने बुजल्या आणि चालू शतकात त्या उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले. माणसाने केलेली वाटही विसरली जाते. मग निसर्गाने केलेल्या वाटेची काय कथा?

संशोधनानिमित्त मी पुण्यास सदाशिव पेठेत दोन वर्षे राहिलो. एके काळी आंबिल ओढा याच भागातून वाहत होता, हे मला तेथे असेपर्यंत ठाऊकही नव्हते. जुन्या कसब्याच्या पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेस हा ओढा. दोहोंच्या मध्ये पुणे वसले. कात्रजच्या डोंगरातून उतरून, पर्वतीच्या पायथ्यावरून तो शनिवारवाड्याच्या बाजूस मुठेला मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (1740 ते 1761) पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळे करण्यात आले आणि ओढा पश्चिमेस वळविला गेला. आज तो दांडेकर पुलाखालून मुठेकडे जातो. जुन्या पात्राच्या भूमीवर पेठा विस्तारल्या.

त्या तळ्याच्या जागी आता सारसबाग आहे. तरीही तेथील गणपतीस लोक ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. पाणी गेले, शब्द राहिला. भाषेच्या अभ्यासकास असा शब्द ताम्रपटाइतका मोलाचा वाटतो.

पेशवाईत ओढा वळविला गेला, हा दोष मानता येणार नाही. जुनी वाट घेताना त्याला दुसरी वाट दिली गेली होती. पुढील पिढ्यांनी मात्र ती दुसरी वाटही काठच्या बांधकामांनी आवळत नेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अतिवृष्टी झाली आणि हा ओढा काठच्या वस्त्यांत शिरला. पुणे शहर व परिसरात त्या पुराने वीसहून अधिक जीव घेतले. एरवी ज्याला लोक नाला म्हणून हिणवीत, तो ओढा आहे हे त्या रात्री कळले. इतक्या किमतीने कळावे, हे दुर्दैव होय.

विद्यार्थिमित्रांनो, ओढा म्हणा, हळ्ळ म्हणा, नाला म्हणा. आपल्या सीमाभागात पाण्याला तीन भाषांतली नावे आहेत. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा, की पूर्वी पाणी कोठून वाहत असे. ते जे नाव सांगतील, जी जागा दाखवतील, ती वहीत टिपून ठेवा. उद्या तेथे घर बांधणाऱ्यास ती वही दाखविता आली, तर इतिहास शिकल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.