रंधा

रंधा हे लाकडाचा पृष्ठभाग तासून सपाट व गुळगुळीत करण्याचे सुतारकामातील हत्यार आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई येथील उत्खननात रोमन रंधे सापडले आहेत. पारंपरिक रंध्यात लाकडी ठोकळ्याच्या खाचेत पोलादी पाते साधारणतः ४५ अंशांच्या कोनात बसवून पाचरीने घट्ट केलेले असते. हा रंधा पुढे ढकलतात. जपानी ‘कान्ना’ मात्र स्वतःकडे ओढतात.

लाकडाचे तंतू ज्या दिशेने वर चढत पृष्ठभागाशी येतात, त्या दिशेने रंधा चालवतात. उलट दिशेने चालवल्यास पाते तंतूंखाली शिरून लाकूड उचकटते. फळीच्या टोकावर रंधा मारताना कडा फुटू नये म्हणून दोन्ही कडांकडून मध्याकडे काम करतात. बोथट पात्याला अधिक जोर लागतो व हत्यार निसटून इजा होण्याचा धोका वाढतो.