पातळ पोटाची गिटार

मंडळी, सभेत वक्ता माईक घेऊन कर्ण्यासमोर गेला, की कर्णा कसा किंचाळतो, ते तुम्ही ऐकलेच असेल. अमेरिकेतल्या गिटारवादकांचे दुखणे नेमके हेच. पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येईना, म्हणून १९३६ साली गिब्सन कंपनीने पोकळ गिटारीला वीज जोडली. आवाज वाढला खरा. पण तोच कर्ण्यातून परत येऊन लाकडी पोटात घुमू लागला!

भरीव गिटार किंचाळत नसे. पण पोकळ लाकडाची ऊब तिच्यात कुठली? मग १९५५ साली पोट पातळ केले आणि १९५८ साली ‘ईएस-३३५’ आली. जाडी जेमतेम पावणेदोन इंच. दोन्ही कुशी पोकळ, मधोमध मेपलचा भरीव ठोकळा. सुतारालाच सुचावी अशी युक्ती!

बी. बी. किंग यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी भांडणात रॉकेलचे पिंप उलटले, नाचघर पेटले. हा गडी गिटारीसाठी पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होते, म्हणून पुढच्या प्रत्येक गिटारीचे नाव ल्युसिल! या पातळ जातीची ल्युसिल गिब्सनने १९८० साली त्यांच्यासाठी काढली, तेव्हा किंचाळणे टळावे म्हणून तिला वरची छिद्रेही ठेवली नाहीत.