वारुळावरची अळंबी

दिवाळीच्या फराळात अळंबीला स्थान नाही. तिचा सण श्रावणात. भाईंदरच्या पश्चिमेकडील तारोडी-डोंगरीच्या टेकड्या असोत की गोव्याचे डोंगर, पाऊस मुरला की जमिनीवर पांढऱ्या छत्र्यांचा बाजार भरतो. त्यांतल्या एकीला आपण 'अळंबी' म्हणून आवडीने खातो, गोवेकर तिला 'अळमी' म्हणतो. शेजारच्या दुसरीला मात्र 'कुत्र्याची छत्री' म्हणून पायाने उडवितो. वाचकहो, हा निवाडा प्रथम कोणी केला असेल? त्यापायी किती जीव गेले असतील? त्या अनामिकांची बखर कोणी लिहिली नाही. जुन्या ग्रंथांत तिच्या खुणा तेवढ्या सापडतात.

मनुस्मृतीने कांदा-लसणीच्या पंक्तीला भूछत्रही बसविले आणि द्विजांना ते वर्ज्य ठरविले. बंदी घालावी लागली, त्या अर्थी लोक खात असलेच पाहिजेत! सुश्रुत पडला वैद्य. त्याने भूछत्रांची वर्गवारी केली ती जन्मस्थानावरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि भुईवरची. रानातला जाणता माणूसही आधी हेच विचारतो, "उगवली कुठं?"

अळंबीपुरते उत्तर ठरलेले आहे: वारुळावर. वाळवी लाकूड नि पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात त्याचे पोळे रचते, त्यावर बुरशी पोसते आणि तिच्यावरच जगते. पावसाने माती भिजली की त्या बुरशीच्या छत्र्या मुळासारख्या लांब देठाने भुई फोडून वर येतात. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली या कुळाचे 'टर्मिटोमायसिस' असे बारसे केले. वाळवीची ही शेती सुमारे 3 कोटी वर्षांची. माणसाची जेमतेम 10-12 हजारांची. अळंबीचे व्यापारी पीक काढणे तर आपल्याला अजूनही साधलेले नाही!

तथापि नुसती जागा पाहून हात घालणे धोक्याचे. गवतात उगवणारी एक विषारी छत्री कोवळेपणी अगदी पांढरीशुभ्र, साळसूद दिसते. वय झाले म्हणजे तिच्या पोटाखालच्या पडद्यांवर हिरवट झाक येते. चांदीचे नाणे काळे पडते, लसणीचा रंग पालटतो, या परीक्षा निव्वळ भ्रामक आहेत. काही जातींचे विष शिजवूनही मरत नाही. खाल्ल्यावर 6 तास, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच जाणवत नाही. जाणवू लागते तोवर यकृताचा घात सुरू झालेला असतो. म्हणून त्याच जागी वर्षानुवर्षे खुडणाऱ्या जाणत्याने पारखलेलीच घरात आणावी. शंका आली, की टाकून द्यावी.

अशी पारख पुस्तकातून येत नाही. ती आजीच्या बोटाला धरून, ठराविक वारुळापर्यंत चालत गेल्यानेच येते. म्हणून तिचे आयुष्य त्या जागेच्या आयुष्याएवढेच. तारोडीशेजारी डोंगरीला मेट्रो-9च्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याचे 2025 साली घाटू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी हरकती घेतल्या. झाडांची निदान मोजदाद तरी होते. झाडाखालच्या वारुळाची नोंद कोणत्या दप्तरात असते? वारूळ गेले की अळंबी गेली, आणि तिच्यामागोमाग तिला ओळखणारी नजरही गेली.

घरात अशी नजर असलेले कोणी वडीलधारे असेल, तर येत्या श्रावणात मुलांना त्यांच्याबरोबर धाडावे. अळंबी खुडू द्यावी. वारूळ मात्र खणू देऊ नये.